दप्तर कोणी वाचले? आभासी यंत्रांतील चुकांचा अर्धशतकी इतिहास

१/ १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. सत्ता एका दिवसात बदलली, दप्तर मात्र बदलले नाही. निजामकाळातील अनेक कागदांसाठी नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला आजही हैदराबादची वाट धरावी लागते. दप्तराच्या हस्तांतरणाचा हाच प्रश्न संगणकात सेकंदाला हजारो वेळा उभा राहतो. त्याच्या इतिहासावर हा थ्रेड. 🧵

२/ प्रोसेसरपाशी ‘रजिस्टर’ नावाच्या मोजक्या जागा असतात. कोणती आज्ञा चालू आहे, आकडेमोड कुठवर आली, कोणत्या अधिकाराने काम चालले आहे, हे सारे तिथे नोंदलेले असते. हीच प्रोसेसरची ‘स्थिती’. एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवायची तर पाळी संपताच एकाची स्थिती जपून ठेवायची आणि दुसऱ्याची मांडायची. यात एक नोंद राहिली तर यंत्र कोसळते, नाहीतर एकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती पडते.

३/ आरंभ अमेरिकेतील केंब्रिजमध्ये झाला. आयबीएमच्या तेथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी १९६४ मध्ये सीपी-४० या प्रणालीचे काम हाती घेतले. जानेवारी १९६७ पासून ती नित्य वापरात आली. एकाच यंत्रावर चौदा आभासी यंत्रे चालत आणि प्रत्येक वापरकर्त्याला संपूर्ण संगणक आपलाच वाटे.

४/ १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी यामागचा नियम मांडला. यंत्राची स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक आज्ञा राखीव अधिकाराची हवी. म्हणजे आभासी यंत्राने ती देताच नियंत्रक तिला अडवू शकतो.

५/ आपल्या घरोघरी आलेल्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांनी हा नियम पाळला नव्हता. पेंटियममध्ये अशा सतरा आज्ञा असल्याचे रॉबिन आणि अर्व्हाइन यांनी २००० मध्ये दाखवले. ‘पॉपएफ’ ही त्यांपैकी एक. अधिकार नसताना तिने व्यत्ययांचा झेंडा बदलू पाहिला, तर प्रोसेसर तक्रार न करता तो बदल गिळून टाकी. नियंत्रकाला काहीच कळत नसे.

६/ २००५ मध्ये इंटेलने प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली. पुढे त्याच सोयीवर उभे राहिलेले केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्समध्ये आले. आता बरीचशी स्थिती प्रोसेसर स्वतः जपू लागला. बरीचशी, सगळी नव्हे. सर्वसाधारण रजिस्टरे आणि स्मृतिदोषाचा पत्ता ठेवणारे ‘सीआर२’ जपण्याचे काम सॉफ्टवेअरकडेच राहिले. यादी दोघांत विभागली की चुका सांध्यावर होतात.

७/ अशा सांध्यावरची प्रसिद्ध चूक ‘सिसरेट’ या आज्ञेची. तिचे काम राखीव अधिकारातून सामान्य अधिकारात परतण्याचे. परतीचा पत्ता अवैध असेल, तर एएमडीचा प्रोसेसर आधी अधिकार उतरवतो आणि मग दोष नोंदवतो. इंटेलचा अधिकार उतरवण्यापूर्वीच नोंदवतो. पण तोवर स्टॅकचा पत्ता वापरकर्त्याचा मांडलेला असतो! म्हणजे अधिकार राजाचा आणि जागा परक्याने निवडलेली.

८/ लिनक्सने ही चूक २००६ मध्येच दुरुस्त केली होती. दुरुस्ती उघड, सर्वांना वाचता येईल अशी होती. तरीही जून २०१२ मध्ये राफाल वोय्चुक यांच्या संशोधनातून कळले, की झेन हा नियंत्रक, फ्रीबीएसडी आणि ६४-बिट विंडोज यांच्यात तीच चूक तशीच आहे. झेनमध्ये तर आभासी यंत्रातून मूळ यंत्राचाच ताबा घेता येत होता. सहा वर्षे उत्तर दप्तरात पडून होते.

९/ दुसरे उदाहरण जून २०१८ चे. अपूर्णांकांची रजिस्टरे मोठी, म्हणून ती दरवेळी न बदलता गरज पडेल तेव्हाच बदलण्याची जुनी पद्धत होती. त्यामुळे आधीच्या पाळीचे आकडे तिथेच राहत. इंटेलचे प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच करू पाहत आणि त्या ओघात हे आकडे झिरपत. कूटलेखनाच्या किल्ल्याही याच रजिस्टरांत असत.

१०/ उपाय साधा होता : प्रत्येक बदलाला पूर्ण स्थिती बदलायची. लिनक्सने ही वाट २०१६ मध्येच धरली होती, आणि तीही मुख्यतः वेगासाठी. नव्या प्रोसेसरांवर जुन्या आळसाने वेळही वाचत नव्हता. कारण संपले तरी प्रथा उरते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

११/ आज अनेकांचा खाजगी मजकूर एकाच भौतिक यंत्रावर शेजारी-शेजारी नांदतो. मधली भिंत म्हणजे स्थितीची ही अदलाबदल. लिनक्समधील प्रत्येक दुरुस्ती कोणी, केव्हा आणि का केली, याची नोंद एप्रिल २००५ पासून ‘गिट’मध्ये खुली आहे. हे दप्तर नांदेडला किंवा लातूरला बसून वाचता येते, त्यासाठी हैदराबाद गाठावे लागत नाही. पण २००६ ची नोंदही अशीच खुली होती. दप्तर जपणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे वाचणाऱ्याचे.

(समाप्त)