खाडीपलीकडचे नळकारागीर

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, आज जेथे वाशी, नेरूळ आणि बेलापूर ही वसाहतींची रांग उभी आहे, तेथे साठ वर्षांपूर्वी आगरी-कोळ्यांची गावे, भातखाचरे आणि मिठागरे होती, आणि घराची दुरुस्ती हे तेथील वैशाखातले नेमाचे काम होते. मृगाच्या सरी येण्यापूर्वी कौले उतरवावयाची, फुटकी वेचून टाकावयाची आणि उरलेली वाशांवर पुन्हा रचावयाची, ही शाकारणी घरचे लोक आणि शेजारी मिळून उरकीत. पाणी विहिरीचे किंवा गावतळ्याचे असल्यामुळे नळाचे दुखणे कोणास ठाऊक नव्हते. घर कोठे गळते, कोणता वासा किडला आहे आणि कोणत्या कोपऱ्यात ओल धरते, हे ज्ञान पिढीजात होते आणि ते घराबाहेर विचारावे लागत नसे.

हा मुलूख १९६५ नंतर पालटू लागला. त्या वर्षी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली. मार्च १९७० मध्ये हे शहर वसविण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटर टापू नियोजित नगराच्या, म्हणजे आजच्या नवी मुंबईच्या, नकाशात आला. आणि १९७३ साली खाडीवरील पूल रहदारीस खुला झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा, आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबारात बळी पडलेले पाच जीव, हे या नगराच्या इतिहासातले स्वतंत्र प्रकरण आहे; परंतु ज्या जमिनीवर आपण आपले नळ सोडतो, तिची किंमत कोणी चुकती केली, हे विसरून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही.

वाशीत प्रथम राहावयास आलेले मध्यमवर्गीय कुटुंब बहुधा गिरगाव, दादर किंवा परळ येथील चाळीतून आलेले असे. चाळीत नळ मजल्याच्या टोकाला, शौचकूप सामाईक, आणि मोडतोड झाल्यास जबाबदारी घरमालकाची. घरमालक ती टाळू लागले म्हणून सरकारला १९६९ साली मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी निराळे मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. खाडी ओलांडताच हा सारा हिशेब उलटला. येथे नळ घरात आला, मोरी घरात आली, आणि त्यांच्यासवे दुरुस्तीची जबाबदारीही घरात आली. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा १९७० सालचा, म्हणजे सिडकोच्याच वयाचा. त्या अन्वये किंवा सहकारी संस्थेच्या उपविधींप्रमाणे प्रत्येक जण आपल्या चार भिंतींचा धनी झाला खरा, पण त्याच्या मोरीचे पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून वाहत होते, आणि स्वतःचे म्हणून जे घर त्याने घेतले त्याचा एक हिस्सा सदैव दुसऱ्याच्या डोक्यावर होता. या नात्याची सवय चाळकऱ्यांना नव्हती. कितीतरी संस्थांची दप्तरे उघडून पाहिली तर पहिल्या दशकांतील पत्रव्यवहाराचा मोठा भाग ‘वरच्या मजल्यावरून होणारी गळती’ या एकाच विषयाने व्यापलेला दिसतो.

मे १९९२ पर्यंत वाशीला लोकलगाडी नव्हती. वसाहत विखुरलेली, दुकाने थोडी, आणि चांगल्या प्रतीचा कॉक किंवा व्हॉल्व्ह हवा असल्यास पूल ओलांडून मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर जावे लागे. त्या काळचे नळकाम हे अंगमेहनतीचे आणि हातोटीचे होते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी शिकंज्यात धरून, तेल सोडीत, डायने तिच्या टोकास आटे पाडावयाचे. आट्यांवर तागाचा धागा फिरण्याच्या दिशेनेच गुंडाळावयाचा, कारण उलटा गुंडाळल्यास जोड कसताना तो सुटून येतो. वर सफेदा माखावयाचा आणि पान्याच्या शेवटच्या अर्ध्या फेऱ्यावर थांबावयाचे, कारण त्यापुढे गेल्यास जोडाला चीर जाते. बिडाच्या मैलानळीचा सांधा याहून अवघड. त्यात ताग ठासून वितळलेले शिसे एका धारेने ओतावे लागे. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्या, चिकटद्रावाने क्षणात सांधू लागल्या आणि काम सुलभ झाले. परंतु भिंतीत पुरलेली जुनी लोखंडी नळी आतून गंजून काडीएवढी झाली आहे, हे नुसत्या पाण्याच्या धारेवरून ओळखणारा कारागीर अजूनही जुन्या तालमीतलाच असतो.

हे कारागीर आले कोठून? काही कोकणातले, काही उत्तरेतले. पण या धंद्यात ज्यांचा लौकिक साऱ्या हिंदुस्थानात आहे ते ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील, विशेषतः पट्टामुंडाई भागातील होत. नद्यांच्या त्रिभुज प्रदेशातला हा मुलूख पुराने वारंवार बुडणारा. तेथील तरुण इंग्रजी अमदानीतच कलकत्त्यास नळकाम शिकले, आणि फाळणीनंतर त्या शहरातील पुष्कळ मुसलमान कारागीर पूर्व पाकिस्तानात गेल्यावर त्यांची जागा या ओडिया मंडळींनी घेतली. तेथून दिल्ली, मुंबई आणि आखाती देश असा त्यांचा विस्तार झाला. आज पट्टामुंडाईस ओडिशा सरकारची नळकामाची स्वतंत्र शिक्षणसंस्था आहे. ज्यांच्या घरात पाणी न बोलावता शिरते त्यांनी परमुलखात दुसऱ्यांच्या घरचे पाणी जागच्या जागी ठेवावे, हा योग मला अत्यंत हृद्य वाटतो. ऑक्टोबर १९९९ मधील महाचक्रीवादळाने त्यांचा किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हा दूरदेशीच्या या मजुरीवर कितीतरी घरे पुन्हा उभी राहिली असतील.

खाडीकाठच्या हवेत मीठ आहे आणि पावसाळा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओततो. स्लॅबमधील सळईपर्यंत ओल पोहोचली की ती गंजते, गंजताना फुगते आणि भोवतीच्या काँक्रिटला आतून फोडते. हा न्याय कोणास चुकला नाही. १९७३ चा खाडीपूल गंजामुळे इतका दुर्बल झाला की त्याच्या शेजारी दुसरा पूल बांधून १९९७ मध्ये खुला करावा लागला. वाशीच्या सेक्टर ९ व १० मधील जे. एन. प्रकारच्या इमारतींत छताचे तुकडे कोसळू लागले आणि पुनर्बांधणीचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, असे गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी सांगतात. तथापि अभियंत्याच्या अहवालापूर्वी कित्येक वर्षे हे दुखणे कोणी पाहिलेले असते तर ते नळकारागिराने, फरशी उकरताना.

नेरूळला अनिवासी भारतीयांसाठी सिडकोने मोठी वसाहत उभारली, आणि इतरत्रही मालक दुबईस किंवा अमेरिकेत असल्यामुळे कुलूपबंद असलेली घरे पुष्कळ आहेत. अशा घरात फुटलेली नळी प्रथम खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर दिसते. मग किल्ली असलेल्या काकूंची शोधाशोध होते, परदेशी दूरध्वनी जातो, आणि मालकाने डोळ्यांनी न पाहिलेले काम कारागिराच्या शब्दावर विश्वास ठेवून मंजूर करावे लागते. मालक आपल्या मुलखातून दूर, कारागीर त्याच्या मुलखातून दूर, आणि घर मधोमध.

अशा विश्वासाला लेखी आधार नाही, ही या शहराच्या कारभारातील मोठी उणीव आहे. बांधकामाच्या वेळचे नळांचे नकाशे बहुतेक संस्थांच्या दप्तरी नाहीत. त्यानंतर कोणी कोठे कोणती नळी फिरविली, हे केवळ कारागिराच्या स्मरणात आहे आणि तो गावी परतला की ते स्मरणही त्याच्याबरोबर जाते. म्हणून नवी मुंबईतील प्रत्येक संस्थेच्या चिटणीसास माझी विनंती आहे की, यंदाच्या पावसाळ्यापूर्वी एक जाड वही घ्यावी, जुन्या कारागिरास बोलावून त्याच्याकडून इमारतीतील नळांची वाट तीत काढून घ्यावी, पुढील प्रत्येक दुरुस्तीची नोंद तारखेसह करावी, आणि काम करणाऱ्याचे नाव व गाव त्या नोंदीखाली त्याच्या सहीने लिहून घ्यावे.