आरोग्य संवर्धन : ऑनलाइन पदव्युत्तर शिक्षण

आरोग्य संवर्धन अर्थात हेल्थ प्रमोशन या विषयाचे पदवीनंतरचे, इंटरनेटच्या माध्यमातून दिले जाणारे शिक्षण. रोग झाल्यावर करायचे उपचार हा या विषयाचा गाभा नाही. माणसे जिथे राहतात, शिकतात आणि राबतात तिथली परिस्थिती आरोग्याला पोषक कशी करावी, आणि हे करताना त्या माणसांचा स्वतःच्या आयुष्यावरचा अधिकार कसा वाढवावा, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. पदव्युत्तर प्रमाणपत्र, पदविका आणि पदवी अशा तीन पातळ्यांवर हे शिक्षण मिळते. विद्यार्थी बहुधा नोकरी करणारे असतात : डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजकार्यकर्ते, शिक्षक, शासकीय आरोग्य कर्मचारी.

पार्श्वभूमी : कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालाँद यांच्या १९७४ च्या अहवालाने आरोग्य घडवणारे चार घटक मांडले : मानवी जीवशास्त्र, पर्यावरण, जीवनशैली आणि आरोग्यसेवेची व्यवस्था. केवळ रुग्णालये वाढवून लोकांचे आरोग्य सुधारत नाही, हा विचार त्यामुळे सरकारी धोरणाच्या भाषेत आला. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा केली. २१ नोव्हेंबर १९८६ रोजी ओटावा येथील आरोग्य संवर्धनाच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत संमत झालेली सनद हा या विषयाचा पायाभूत दस्तऐवज होय. तिने कृतीची पाच क्षेत्रे सांगितली : आरोग्याला पोषक सार्वजनिक धोरण, पूरक वातावरण, समुदायाची कृती, व्यक्तीची कौशल्ये आणि आरोग्यसेवांची फेररचना. ॲडलेड (१९८८), सुंड्सवाल (१९९१), जकार्ता (१९९७), बँकॉक (२००५), शांघाय (२०१६) इत्यादी ठिकाणी पुढील परिषदा झाल्या.

या परंपरेला महाराष्ट्राचाही आधार आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. फारसे शिक्षण नसलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण आहे. अल्मा-आटाच्या आधीचे हे काम समुदायाच्या सहभागाचे उदाहरण म्हणून आजही अभ्यासले जाते.

अभ्यासक्रमाचा आशय : साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि सामाजिक संशोधनाच्या पद्धती हा सर्वत्र आढळणारा पाया. त्यावर वर्तनविषयक सिद्धांत, कार्यक्रमाचे नियोजन, संवाद, धोरणविश्लेषण, नीतिशास्त्र आणि मूल्यमापन हे विषय येतात. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात मांडलेले आरोग्य-श्रद्धा प्रारूप, प्रोचास्का व डिक्लेमेंटे यांचे वर्तनबदलाच्या टप्प्यांचे प्रारूप आणि ॲरन अँटोनोव्स्की यांची १९७९ मधील आरोग्यनिर्मितीची मांडणी यांचा परिचय विद्यार्थ्याला करून दिला जातो. अँटोनोव्स्की यांचा प्रश्न मूलगामी होता : माणसे आजारी का पडतात, यापेक्षा इतक्या ताणातही निरोगी कशी राहतात?

नियोजनाच्या प्रारूपांपैकी लॉरेन्स ग्रीन यांचे प्रिसीड-प्रोसीड हे विशेष महत्त्वाचे. ते शेवटापासून सुरू होते. आधी लोकांच्या जगण्यातली अडचण, मग तिच्याशी निगडित आरोग्यप्रश्न, मग त्यामागचे वर्तन व परिस्थिती, आणि त्यानंतर कारणांचे तीन गट : मनाचा कल घडवणारी, कृती शक्य करणारी आणि तिला बळ देणारी. ग्रामीण महाराष्ट्रातील मिश्रीचे उदाहरण घेतले तर दात स्वच्छ होतात ही समजूत पहिल्या गटात, किराणा दुकानात सहज व स्वस्त मिळणारी तंबाखू दुसऱ्या गटात आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची तीच सवय तिसऱ्या गटात पडते. फक्त पहिल्या गटावर, म्हणजे समजुतीवर, भाषणे देणारा कार्यक्रम अपुरा का पडतो, हे या मांडणीतून स्पष्ट होते. या विषयाचे शिक्षण घेतलेला कार्यकर्ता आणि न घेतलेला कार्यकर्ता यांतला फरक बहुतांशी इथेच दिसतो.

जेफ्री रोज यांचा १९८५ चा निबंधही जवळजवळ सर्वत्र वाचायला असतो. थोडा धोका असलेल्या असंख्य माणसांतून जितके रुग्ण निर्माण होतात, तितके मोठा धोका असलेल्या मोजक्या माणसांतून होत नाहीत. म्हणून संपूर्ण लोकसंख्येचा धोका थोडासा खाली आणणे अधिक फलदायी ठरू शकते, असे त्यांनी दाखवले. फिनलंडमधील नॉर्थ करेलिया प्रकल्प (१९७२ पासून) हे या विचाराचे गाजलेले उदाहरण. हृदयरोगाचे प्रमाण अतिशय जास्त असलेल्या त्या प्रांतात पेक्का पुस्का व सहकाऱ्यांनी दुग्धव्यवसाय, गृहिणींच्या संघटना, शाळा आणि वृत्तपत्रे यांना सोबत घेऊन लोकांचा आहार बदलण्याचे काम केले. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाच्या २००८ च्या अहवालानंतर उत्पन्न, घर, शिक्षण व रोजगार या सामाजिक निर्धारकांना अभ्यासक्रमात मोठी जागा मिळाली.

क्षमतांचे निकष : २००८ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे झालेल्या परिषदेत या क्षेत्रातील व्यावसायिकांना कोणत्या क्षमता लागतात, यावर सहमती झाली. त्यानंतर युरोपात कॉम्पएचपी प्रकल्पाने (२००९–१२) नऊ क्षमता निश्चित केल्या : बदल शक्य करणे, पाठपुरावा, मध्यस्थी, संवाद, नेतृत्व, गरजांची पाहणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन व संशोधन. नीतिमूल्ये आणि विषयज्ञान हा त्यांचा पाया मानला आहे. आरोग्य संवर्धन व शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय संघ (स्थापना १९५१) या क्षमतांच्या आधारे अभ्यासक्रमांना मान्यता देतो.

अध्यापनपद्धती : व्हिडिओ व्याख्याने, वाचनसाहित्य, लेखी चर्चा, स्वाध्याय आणि शेवटी प्रबंध अथवा प्रकल्प ही सर्वसाधारण रचना. अनेक देशांतले विद्यार्थी असल्याने बरेचसे काम आपापल्या वेळेत करायचे असते. ब्रिटनमध्ये पदव्युत्तर पदवीसाठी १८०, पदविकेसाठी १२० आणि प्रमाणपत्रासाठी ६० श्रेयांक लागतात. एक श्रेयांक म्हणजे सुमारे १० तासांचा अभ्यास, या हिशेबाने पूर्ण पदवी सुमारे १८०० तासांची होते.

या माध्यमाचे खरे बळ विद्यार्थ्याच्या कामाच्या ठिकाणात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला अधिकारी आपल्याच गावांची गरज-पाहणी करतो, शाळेतला शिक्षक आपल्याच वर्गातल्या मुलांच्या आहाराचा कार्यक्रम आखतो, आणि त्यावर दूरच्या मार्गदर्शकाची टीका मिळवतो. शिकणे आणि काम यांत अंतर राहत नाही. दुबळी बाजूही तितकीच ठळक आहे. ग्रामसभेत बसणे, विरोध ऐकून घेणे, बचतगटातल्या गप्प बसलेल्या बाईला बोलते करणे, ही कौशल्ये पडद्यावरून येत नाहीत. म्हणून देखरेखीखालील क्षेत्रकार्य सक्तीचे असलेला अभ्यासक्रम श्रेष्ठ मानावा. ज्याने गाव किंवा वस्ती जवळून पाहिली नाही, त्याने घरबसल्या मिळवलेली पदवी या क्षेत्रात अपुरीच राहते.

प्रमुख केंद्रे : लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन (स्थापना १८९९) या संस्थेने लंडन विद्यापीठामार्फत १९९८ पासून दूरशिक्षण सुरू केले. सार्वजनिक आरोग्याच्या दूरशिक्षण पदवीत आरोग्य संवर्धन ही शाखा तिने उपलब्ध करून दिली. लंडन विद्यापीठाची बाह्य विद्यार्थ्यांना पदवी देण्याची परंपरा १८५८ इतकी जुनी असल्याने हा विस्तार स्वाभाविक होता. आरंभी छापील साहित्य टपालाने जाई; पुढे अध्यापन ऑनलाइन झाले.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात डीकिन विद्यापीठ (१९७४) प्रारंभापासून दूरशिक्षण देत आले असून आरोग्य संवर्धनाची पदव्युत्तर पदवी तेथे ऑनलाइनही घेता येते. याच राज्यात १९८७ च्या तंबाखूविषयक कायद्याने व्हिकहेल्थ ही संस्था स्थापन झाली. तंबाखूवरील करातून आरोग्य संवर्धनासाठी कायमचा निधी उभारण्याचा हा जगातील आद्य प्रयोग होय. थायलंडने २००१ मध्ये तंबाखू व मद्यावरील २ टक्के अधिभारातून तशीच संस्था उभी केली. जिथे असा निधी आहे तिथे प्रशिक्षित माणसांना काम मिळते, आणि काम असले की शिक्षणही टिकते.

प्रवेश व शुल्क : कोणत्याही शाखेची पदवी बहुधा पुरते; शुल्क संस्थेनुसार बदलते.

भारतातील स्थिती : आरोग्यशिक्षणाचा वारसा भारतात जुना आहे. केंद्रीय आरोग्य शिक्षण विभाग १९५६ मध्ये दिल्लीत स्थापन झाला. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था (१९३२), तमिळनाडूतील गांधीग्रामची ग्रामीण आरोग्य संस्था आणि मुंबईतील फॅमिली वेल्फेअर ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर येथे या विषयाच्या पदविका दिल्या जात आल्या आहेत. हे शिक्षण मुख्यतः प्रत्यक्ष वर्गातले.

ऑनलाइन शिक्षणाचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार होते. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने घेतला. या अधिनियमाच्या अनुसूचीत आरोग्यशिक्षक हाही व्यवसाय नोंदलेला आहे.

रोजगार : राज्यात जिल्हा विस्तार व माध्यम अधिकारी यांसारखी पदे, तसेच स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प.

वादाचे मुद्दे : आरोग्यशिक्षण आणि आरोग्य संवर्धन यांच्या सीमेविषयी अभ्यासकांत एकमत नाही. व्यक्तीच्या सवयींवर भर दिल्याने गरिबी, जात व असुरक्षित रोजगार यांची जबाबदारी आजारी माणसावरच ढकलली जाते, असा आक्षेप घेतला जातो. कायद्याने बंदी की मन वळवणे, हाही वाद कायम आहे. गडचिरोलीत लोकचळवळीतून १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. दोन्हींच्या परिणामांविषयी भिन्न मते आहेत.

मूल्यमापन : आशा सेविका, परिचारिका आणि शाळाशिक्षक यांना गाव न सोडता या विषयाचे उच्च शिक्षण मिळण्याची गरज महाराष्ट्रात मोठी आहे. मात्र त्यासाठी मराठीतील अभ्याससाहित्य, स्थानिक मार्गदर्शक आणि सक्तीचे क्षेत्रकार्य या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. इच्छुकांनी प्रवेशापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची चालू यादी पाहावी, आणि परदेशी पदवीच्या बाबतीत भारतातील समकक्षता आधी लेखी तपासून घ्यावी.