पनागरची डाकवाट आणि पत्रपेट्यांचा शोध

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डार्टमूर या ओसाड, दलदलीच्या पठारावर क्रॅनमियर पूल नावाची एक आडजागा असून, जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ मध्ये तेथे एक बाटली ठेवली आणि तिथवर पायी पोहोचणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, असा प्रघात पाडला. पुढे बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली. येणारे लोक तीत पत्ता लिहिलेली पोस्टकार्डे ठेवू लागले आणि मागाहून येणाऱ्याने ती उचलून टपालात टाकावीत, असा संकेत रूढ झाला. लपविलेली पेटी खुणांवरून शोधायची, तिच्यातील रबरी शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का तिच्या वहीत, हे या प्रघातातून वाढलेल्या खेळाचे आजचे रूप असून पठारावरून उतरून तो जुन्या नगरांच्या पेठांतही खेळला जातो.

योगायोग असा, की भारतातील सरकारी टपालाची नवी घडीही १८५४ मध्येच बसली. त्या वर्षीच्या १७ व्या कायद्यानुसार १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा एकच दर लागू झाला आणि तो तिकिटाच्या रूपाने आगाऊ भरण्याची सोय झाली. रस्त्यावरच्या पत्रपेटीचे मूळ या सोयीत आहे, कारण अंतर मोजून हिशेब करणारा आणि रोख पैसे घेणारा कारकून जोवर आवश्यक होता, तोवर बिनमाणसाची पेटी कोपऱ्यावर उभी करण्यात काही अर्थ नव्हता.

जबलपूरच्या उत्तरेस सुमारे पंधरा किलोमीटरवर वसलेल्या पनागरसारख्या गावात अशा पत्रपेट्यांचा शोध घ्यायचा, तर आरंभ पेटीपासून न करता रस्त्यापासून करावा लागतो. नागपूर, सिवनी, जबलपूर, मैहर, रीवा आणि मिर्झापूर यांना जोडणारा, इंग्रजी कागदपत्रांत ‘ग्रेट डेक्कन रोड’ म्हणून ओळखला जाणारा दख्खनचा मोठा रस्ता याच दिशेने उत्तरेकडे जातो आणि आजचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३० जबलपूर ते रीवा या टापूत बहुतांशी त्याचाच वारस आहे. हा प्रदेश १७८१ मध्ये पेशव्यांच्या अंमलाखाली आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतल्यावर त्यांच्या हाती पडला. मराठी दरबारांची पत्रे जासूद म्हणजे पायी धावणारे निरोपे नेत असत. त्यांना बहुधा जोडीने पाठवीत, जेणेकरून एक आजारी पडला किंवा मारला गेला तरी दुसऱ्याने थैली पोहोचवावी. जुन्या मराठी कागदांत ‘जासूद जोडी’ हे शब्द वारंवार आढळतात, ते याच कारणाने. ही दरबारी व्यवस्था होती आणि सामान्य रयतेच्या पत्राला तीत जागा नव्हती, हे मात्र विसरता कामा नये.

रस्त्याची धास्तीही खोटी नव्हती. वाटसरूंशी सलगी करून रुमालाने गळा आवळणाऱ्या ठगांचा वावर या मार्गावर होता आणि त्यांच्याविरुद्धच्या मोहिमेचे सूत्रधार विल्यम स्लीमन यांचे ठाणे जबलपुरातच होते. पनागरहून सिहोऱ्याच्या पुढे लागणारे स्लीमनाबाद हे गाव त्यांचेच नाव वागवते. कंपनीच्या काळात टप्प्याटप्प्यावर बदलणारा हरकारा घुंगरू बांधलेली काठी वाजवीत थैली पुढे नेई. त्या आवाजाने जनावर दूर होई आणि पुढच्या चौकीवरचा गडी उठून तयार राही.

अलाहाबाद ते जबलपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये सुरू झाला आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडचा मार्ग जबलपुरास येऊन मिळाला. ज्यूल व्हर्नच्या जगप्रदक्षिणेच्या कादंबरीत १८७२ मध्येही अलाहाबादच्या अलीकडे रूळ अपुरे दाखवून नायकाला हत्तीवर बसविले आहे. कथेची गरज वेळापत्रकाला जुमानत नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. प्रत्यक्षात लांब पल्ल्याच्या थैल्या पायवाटेवरून उठून आगगाडीच्या डब्यात गेल्या आणि या रस्त्यावरच्या गावांना टपालाच्या प्रवासातील टप्पा म्हणून असलेले महत्त्व उरले नाही. तेथे राहिले ते पत्र गोळा करण्याचे आणि वाटण्याचे काम. पत्रपेटी हे त्या उरलेल्या कामाचे साधन आहे.

म्हणून अशा गावात पेटी शोधताना तिच्या रंगापेक्षा तिच्यावरची अक्षरे अधिक बोलतात. पेटीचा क्रमांक, ती उघडण्याची वेळ दाखविणारी पट्टी आणि तिच्यावरचा पिन कोड, ही प्रत्येक खूण टपालाच्या वेगवेगळ्या काळातली आहे. सहा आकडी पिन कोडची पद्धत टपाल खात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. तिच्यात पहिला आकडा विभागाचा असल्यामुळे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे कोड ४ नेच सुरू होतात. भोसल्यांच्या राज्यात एकत्र असलेली नागपूर आणि पनागर ही गावे निदान टपालाच्या हिशेबात पुन्हा एका आकड्याखाली आली.

अलीकडे टपाल खात्याने अनेक ठिकाणी पेटीच्या आत बारकोड चिकटविला असून पेटी उघडणारा कर्मचारी तो मोबाइलवर वाचून आपण तेथे आल्याची नोंद करतो. डार्टमूरचा पदभ्रमी वहीत शिक्का उमटवून जे सिद्ध करतो, तेच हा कर्मचारी पेटीच्या झाकणाआड रोज करतो. फरक इतकाच, की त्याला पेटी कोठे आहे हे ठाऊक असते आणि ती रिकामी असली तरी जावे लागते.