घुमटावरची चौकोनी जाळी

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद 1367 सालची. लांबी सुमारे 216 फूट, रुंदी 176. मशिदीला एरवी असतं ते मोकळं अंगण इथे नाहीच. ओळीने चौकोनी खण आणि त्यांवर लहान लहान घुमट. बांधणाऱ्याचं नाव रफी, मूळचा कझवीनचा. मुख्य घुमटाखालच्या चौकोनी भिंतींच्या चारही कोपऱ्यांत त्याने कमानी टाकल्या आणि त्यांवर गोल बसवला.

अशा घुमटाचा भार संगणकावर तपासायचा, तर आधी त्याचे बारीक तुकडे पाडावे लागतात. अभियंते त्याला मेश म्हणतात. तुकडे आधी त्रिकोणी होते: रिचर्ड कुरांट यांनी 1943 मध्ये पिळाचं गणित त्रिकोण आखून मांडलं. पण तीन टोकांचा साधा त्रिकोण वाकण्याच्या हिशोबात फार ताठर निघतो. चौकोन तेच काम कमी तुकड्यांत करतो. आयन टेग आणि ब्रूस आयर्न्स यांनी साठच्या दशकात वाकड्या चौकोनाचं गणित सरळ चौरसावर नेऊन सोडवायची युक्ती रुजवली आणि चौकोनाचा वंश वाढला.

हे चौकोन पाडायचे कोणी? 1971 मध्ये झिएनकिविच आणि फिलिप्स यांनी मोठे भाग माणसाने आखावेत, बारीक वाटणी यंत्राने करावी अशी पद्धत मांडली. मोठी उडी 1991 ची, टेड ब्लॅकर आणि मायकल स्टीफन्सन यांचं 'पेव्हिंग'. गवंडी भिंतीलगतची फरशी आधी लावून आत सरकतो, तसं हे तंत्र कडेपासून ओळी टाकत येतं आणि समोरासमोरच्या ओळी भिडल्या की त्या शिवून घेतं. अट एकच, कडेवरचे भाग सम संख्येत हवेत. विषम असले तर निव्वळ चौकोनांनी जागा भरतच नाही.

मला यातली सर्वांत देखणी गोष्ट पुढेच दिसते. चौकोनी खण निखळ जाळीने भरतो. आत प्रत्येक सांध्यावर चार रेषा मिळतात. गोलाचं तसं नाही. कडेला चौकोन सरळ ओळीत लावले, की आत तीनच रेषांचे निदान चार सांधे येतात. जाळी कितीही बारीक करा, ते सरकतात, नाहीसे होत नाहीत. रफीने चौकोन आणि गोल यांचा हा हिशोब घुमटाखाली चार कोपऱ्यांत चुकता केला. मेश करणारा हाच हिशोब घुमटावरच, शिखराभोवती चौकोन आखून चुकता करतो. त्याची चार टोकं म्हणजेच ते चार सांधे. घुमटाला तडा गेला असेल, तर ही टोकं त्यापासून दूर सरकवून मगच हिशोब सुरू करायचा.