विद्यापीठाचे ई-मेल दप्तर : ईस्ट अँग्लिया प्रकरणाच्या निमित्ताने

मराठी इतिहासलेखनाने पत्राला जेवढे मानाचे स्थान दिले, तेवढे दुसऱ्या साधनाला क्वचितच दिले असेल. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरीपेक्षा अस्सल पत्र अधिक प्रमाण मानण्याची शिस्त आपल्याकडे रुजत गेली. पत्र प्रसंगाच्या वेळीच लिहिलेले असते, त्याला लेखक, प्राप्तकर्ता व तिथी असते. आणि ते इतिहासकारासाठी लिहिलेले नसते, हे त्याचे मोठे बळ होय. गेल्या दोन-तीन दशकांत विद्यापीठांतील असा पत्रव्यवहार बव्हंशी ई-मेलकडे वळला. विद्यापीठाचा इतिहास उद्या ज्याला लिहावयाचा असेल त्याला तो मिळेल काय, आणि मिळाल्यास कोणाच्या अनुज्ञेने, हा प्रश्न प्रस्तुत निबंधात मुख्यत्वे इंग्लंडमधील एका प्रकरणाच्या आधारे मांडला आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करावयास हवा. संगणक बिघडल्यास काम पुन्हा सुरू करता यावे म्हणून जी प्रत काढून ठेवतात ती 'बॅकअप'. केंद्रीय संग्रहण व्यवस्था ही निराळी गोष्ट आहे. तीत पत्र येताक्षणी वा जाताक्षणीच त्याची एक प्रत मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवली जाते. ती किती वर्षे ठेवावयाची याचा नियम ठरलेला असतो, आणि संबंधित व्यक्तीने आपल्या पेटीतून पत्र पुसले तरी ती प्रत अबाधित राहते. बॅकअप ही सावधगिरी आहे, तर संग्रहण ही जबाबदारी आहे. व्यवहारात मात्र या दोहोंची सतत गल्लत होते.

ही गल्लत प्रथम उघडकीस आली ती अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात. इराण-काँट्रा प्रकरण उघड होत असताना, नोव्हेंबर १९८६ मध्ये, ऑलिव्हर नॉर्थ व जॉन पॉइंडेक्स्टर यांनी आपले संगणकीय संदेश पुसून टाकले. परंतु बॅकअपच्या फिती शिल्लक होत्या आणि चौकशी समितीच्या हाती तेच संदेश लागले. पुढे जानेवारी १९८९ मध्ये ह्या फिती नष्ट होऊ नयेत म्हणून दावा दाखल झाला. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने असे ठरविले की ई-मेलची कागदी प्रत ही मूळ अभिलेखाची जागा घेऊ शकत नाही; कारण पत्र कोणाकोणास गेले व केव्हा पोहोचले, हा तपशील छापील प्रतीत उतरतोच असे नाही. लखोट्यावरील नोंदींचे मोल जाणणाऱ्या इतिहासकाराला हा निर्णय सहज पटावा. डिसेंबर २००६ पासून अमेरिकेच्या संघीय दिवाणी कार्यपद्धतीच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहितीचा स्पष्ट समावेश झाला आणि अशी माहिती जतन करणे हा तेथील संस्थांच्या दृष्टीने कायदेशीर जोखमीचा विषय बनला. सारांश, केंद्रीय संग्रहणाला मुख्य चालना मिळाली ती न्यायालयाच्या धाकामुळे. इतिहासाच्या प्रेमाचा त्यात फारसा वाटा नव्हता.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. नॉर्विच येथील ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७२ मध्ये ह्यूबर्ट लँब यांनी हवामान संशोधन केंद्र स्थापन केले. जागतिक तापमानाच्या दीर्घकालीन नोंदींसाठी हे केंद्र सर्वत्र ओळखले जाते. नोव्हेंबर २००९ मध्ये तेथील एक हजाराहून अधिक ई-मेल आणि इतर पुष्कळ कागदपत्रे अज्ञात व्यक्तींनी इंटरनेटवर पसरविली. कोपनहेगन येथील हवामान परिषद अवघ्या काही आठवड्यांवर आली होती. सर्वांत जुनी पत्रे १९९६ मधील होती. एखाद्या संशोधन केंद्राचा तेरा वर्षांचा खासगी स्वरूपाचा पत्रव्यवहार अशा रीतीने जगासमोर यावा, अशी दुसरी घटना तोवर झाली नव्हती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही पत्रे आली कोठून, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे. ती केंद्राच्या बॅकअप सर्व्हरवरील होती. संशोधकांच्या संगणकांवरील मजकुराच्या प्रती तेथे साठत असत. अभिलेखागार म्हणून त्या सर्व्हरकडे कोणीच पाहिले नव्हते. काय ठेवावे, किती काळ ठेवावे, कोणाला दाखवावे, याचा विचार तेथे नव्हता. केवळ साठा होत होता. दुसरीकडे, त्याच संस्थेत पत्रव्यवहार पुसण्याची भाषाही चालू होती. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न हवामान मंडळाच्या चौथ्या अहवालासंबंधी माहिती अधिकाराखाली विचारणा झाल्यानंतर, मे २००८ मध्ये, केंद्राचे संचालक फिल जोन्स यांनी एका अमेरिकी सहकाऱ्यास त्या विषयावरील ई-मेल पुसण्याची विनंती केली होती. ही विनंती आपणास ठाऊक आहे ती बॅकअपमधून फुटलेल्या पत्रामुळेच! पुसण्याची विनंती करणारे पत्रच टिकून राहावे, हा योग बोलका आहे.

ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने जानेवारी २०१० मध्ये असे मत व्यक्त केले की माहितीच्या मागण्या कायद्याप्रमाणे हाताळल्या गेल्या नव्हत्या. मात्र खटल्यासाठी असलेली सहा महिन्यांची मुदत उलटून गेली होती. जुलै २०१० मध्ये सर म्युर रसेल यांच्या चौकशी समितीने शास्त्रज्ञांच्या सचोटीविषयी शंकेस जागा नाही असा निर्वाळा दिला, परंतु पुरेसा खुलेपणा दाखविण्यात ते व विद्यापीठ सातत्याने कमी पडले असेही नोंदविले. पोलिसांनी जुलै २०१२ मध्ये तपास थांबविला. बाहेरून इंटरनेटद्वारे योजनापूर्वक झालेला हा हल्ला होता असा त्यांचा निष्कर्ष होता. गुन्हेगार मात्र सापडले नाहीत.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. प्रसिद्ध झालेली पत्रे ही त्या सर्व्हरवरील साठ्याचा एक टक्काही नव्हती. ती कोणी निवडली, कोणत्या हेतूने निवडली, हे आजही अज्ञात आहे. १९९९ मधील एका पत्रातील 'ट्रिक' हा एकच शब्द जगभर उद्धृत झाला. सहकाऱ्यांच्या बोलीत त्याचा अर्थ 'युक्ती' वा 'हातोटी' एवढाच होता, हे सांगणारा संदर्भ मागे राहिला. पत्र अस्सल असूनही निवड लबाड असू शकते. राजवाड्यांच्या शिस्तीत वाढलेल्या आपणास अस्सलपणाची पारख शिकविली गेली. निवडीची पारख तितकीशी शिकविली गेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संपूर्ण संग्रह नियमबद्ध रीतीने जपलेला असता तर आरोप करणारा आणि उत्तर देणारा अशा दोघांनाही एकाच दप्तराकडे बोट दाखविता आले असते.

अर्थात, केंद्रीय व्यवस्था असली म्हणजे सर्व प्रश्न सुटतात असे नव्हे. हार्वर्ड विद्यापीठात २०१२ मध्ये परीक्षेतील गैरप्रकारांची माहिती बाहेर गेली. ती कोणी दिली हे शोधण्यासाठी प्रशासनाने वसतिगृहांतील सोळा अधिष्ठात्यांच्या खात्यांतील ई-मेलचा शोध त्यांना न कळविता घेतला. मार्च २०१३ मध्ये हे उघड झाल्यावर अध्यापकवर्ग संतप्त झाला, प्रशासनास दिलगिरी व्यक्त करावी लागली आणि कोणाचे पत्र कोणी, कोणाच्या मंजुरीने पाहावे याचे लेखी धोरण नंतर करण्यात आले. किल्ली असते, परंतु ती कोणाकडे आहे हे ठरलेले नसते, असा हा प्रकार होता.

किल्लीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पेशवे दप्तर इंग्रजांनी जपले ते मुख्यतः इनामे व हक्क यांच्या पडताळणीसाठी; संशोधकांना त्याची दारे दीर्घकाळ बंदच होती. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले ते १९३० नंतर, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी. तरीही ते निघू शकले, कारण रुमाल बांधून जागेवर ठेवलेले होते.

आपल्याकडील स्थिती काय आहे? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २ मधील 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा नामनिर्देश आहे, आणि कलम ४ अन्वये सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवावयाचे आहेत. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथासाठी साधने जमविली. स्थापनेपासूनची इतिवृत्ते, विद्यापीठाशी झालेला पत्रव्यवहार, एका अभ्यासक्रमाच्या मंजुरीसाठी तीन वर्षे चाललेली टंकलिखित पत्रांची लढाई, हे सारे वाळवीतूनही वाचले होते. २००६ नंतरची पत्रे मात्र एकापाठोपाठ निवृत्त झालेल्या दोन प्राचार्यांच्या खासगी मोफत खात्यांत होती. एका खात्याचा संकेतशब्द कोणालाच आठवत नव्हता. दुसरे दीर्घकाळ न वापरल्याने बंद झालेले होते. कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत त्या वर्षांच्या रकान्यांत ठिकठिकाणी 'ई-मेलने पाठविले' एवढाच शेरा आहे.