तीन बाइटांचं देवनागरी

मोबाइलवर आलेला मराठी निरोप असो की संकेतस्थळावरचा लेख, आज तो बहुधा यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेला असतो. ही पद्धत जिच्यासाठी जन्मली, ती प्लॅन ९ ही ऑपरेटिंग सिस्टीम मात्र आज मूठभर लोकच वापरतात.

युनिक्स घडवणाऱ्या बेल लॅब्जनेच ती युनिक्सची वारस म्हणून रचली. नाव एका टुकार म्हणून गाजलेल्या सिनेमावरून! युनिकोडने १९९१ साली देवनागरीसह अनेक लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक दिले होते. पण ते साठवायचे कसे? काही पद्धतींत अक्षराच्या पोटातच तिरपी रेघ किंवा शून्य सापडे आणि युनिक्सचे जुने प्रोग्राम गोंधळत. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, रॉब पाइक सोबत असताना, ताटाखालच्या कागदावर नवी मांडणी केली. काही दिवसांत अख्खी प्लॅन ९ तिच्यावर चालू लागली. इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दूला दोन, देवनागरीला तीन. मजकूर मध्येच तुटला तरी पुढचं अक्षर कुठून सुरू होतं ते कळतं.

डीटीपीच्या जमान्यात लिहिणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. फॉन्ट बदलला की लेखाचा कचरा होई. माझे त्या काळचे काही लेख आजही शोधात सापडत नाहीत.

प्लॅन ९ बाजारात चालली नाही. युनिक्सने लोकांचं भागत होतं. २००० साली तिचा स्रोत खुला झाला, तोवर लिनक्सने जागा धरली होती.

मी ती आभासी यंत्रात, क्यूईएमयूवर चालवतो. आजच्या लॅपटॉपचे सुटे भाग तिला ओळखता येतीलच असं नाही. आभासी यंत्र तिला साधं, ओळखीचं हार्डवेअर दाखवतं. तीन बटणांचा माउस तेवढा जोडावा लागतो. आत 'मराठी' लिहून बाइट मोजले: १५, अगदी हिशोबाप्रमाणे. पण जोडाक्षरं तिला जुळवता येत नाहीत. 'क्ष'मधले क आणि ष सुटे राहतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लावणं तर तिला माहीतच नाही. आमच्या दोन्ही लिप्या तिने जपल्या, वाचता मात्र एकही आली नाही. अक्षरं जुळवण्याचं किचकट काम पुढे इतर सिस्टीमवाल्यांनी केलं, आणि त्यांनीही साठवणीसाठी थॉम्पसन यांचीच मांडणी घेतली.