दाब धरून ठेवण्याची विद्या

घरी विमान बांधणे हे आपल्याकडे आता केवळ स्वप्न राहिलेले नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात मुंबईकरांनी पाहिले, आणि २०१९ साली त्याला उड्डाणचाचण्यांची परवानगीही मिळाली. या वाटेने पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना कधीतरी उड्डाणानंतर आत घेता येणारी चाके हवीशी वाटतील. त्यांनी आधी एका उपेक्षित विद्येचा इतिहास जाणून घ्यावा.

बाहेर लोंबणारी चाके हवेचा विरोध वाढवतात. म्हणून १९२० सालच्या डेटन-राइट शर्यती विमानात वैमानिक हाताने दांडा फिरवून ती आत घेत असे. विमाने जड झाली तसे हे काम द्रवदाबाकडे आले. डकोटा या नावाने आपल्याला परिचित असलेल्या डीसी-३ ची चाके हायड्रॉलिक तेलच उचलते.

बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम सतराव्या शतकातला. त्यावर चालणारे ब्रामाचे दाबयंत्र मात्र १७९५ सालचे. दाब निर्माण करणे सोपे होते, कठीण होते ते गळती थांबवणे. ब्रामाचा सहकारी मॉड्सले याने चामड्याची वाटी बसवून ती थांबवली; सायकलच्या पंपातील चामडी वॉशर तिचीच नातलग. १९३९ साली नील्स ख्रिस्टेन्सन यांना ओ-रिंगचे पेटंट मिळाले, आणि विमानातील दट्ट्यांना भरवशाचे रबरी कडे लाभले.

घरी बांधल्या जाणाऱ्या लँकेअर ३२० मध्ये वर घेतलेली चाके अडकवणारा आकडा नसतो. त्यांना केवळ दाब धरून ठेवतो. दाब उतरला की स्विच पंप सुरू करतो. पंप वारंवार सुरू होऊ लागला, तर कुठेतरी तेल झिरपत आहे असे समजावे. पंपच बंद पडला, तर वैमानिक झडप उघडून दाब सोडतो आणि चाके खाली येऊन यांत्रिक अटकावाने पक्की होतात. चाके वर ठेवण्यासाठी दाब लागावा, खाली राहण्यासाठी लागू नये, हेच या रचनेतले शहाणपण.

दाब उतरण्याइतकाच तो चढणेही घातक. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. मानिक चौकात दुपारी उभ्या असलेल्या दुचाकीच्या टाकीला हात लावला तर चटका बसतो. उघड्यावरील विमानाची गतही तीच. बंद नळीत अडकलेले तेल १ अंशाने तापले की सुमारे ०.०७ टक्का फुगू पाहते. नळी अगदी ताठ मानली, तर दाब अंशामागे साधारण १० वातावरणांनी वाढतो. नळी थोडी ताणली जाते, म्हणून प्रत्यक्ष वाढ याहून कमी. तरीही जोड फुटायला ती पुरेशी ठरू शकते. यासाठी जादा दाबाला वाट देणारी झडप अत्यावश्यक आहे.

पहिल्या उड्डाणापूर्वी विमान जॅकवर उचलून चाके पुन्हा पुन्हा आतबाहेर करून पाहावीत, आणि त्यांतल्या काही खेपा पंप मुद्दाम बंद ठेवून कराव्यात.